कुडव्याचा फुकट फौजदार

रात्र रात्र जागायचं, एक पैसा घ्यायचा नाही आणि वर अनोळखी माणसांकडून आपल्याच चुका काढून घ्यायच्या... हा कसला छंद? गोंदियाजवळच्या कुडव्यात, दिवाळीच्या सुट्टीत मिळालेलं हे उत्तर.

महाराष्ट्र एक्स्प्रेसने कधी अगदी शेवटच्या स्टेशनपर्यंत गेलायत? कोल्हापूरहून सुटलेली ही गाडी पुणे, मनमाड, भुसावळ, वर्धा, नागपूर असं करत करत गोंदियाला जाऊन थांबते. पुण्याला रात्री चढायचं, झोपायचं, उठायचं, चहा, पोहे, जेवण, पुन्हा झोप, पुन्हा चहा... आणि तरी गाडी आपली महाराष्ट्रातच! गोंदिया आलं की राज्य जवळपास संपतं. एका बाजूला मध्य प्रदेश, एका बाजूला छत्तीसगड. स्टेशनवर हिंदी, गल्लीत पोवारी, मध्येच कानाला गोड लागणारी झाडीबोली. आणि शहराला अगदी चिकटून कुडवा. तिथे माझ्या मामाचं घर आहे.

गेल्या दिवाळीत बऱ्याच वर्षांनी गेले. धानाच्या कापणीचे दिवस. मामा एका राइस मिलमध्ये मुनीम आहे, त्यामुळे तो घरात फक्त जेवायला आणि झोपायला. मामेभाऊ इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. लहानपणी माझ्या मागेमागे फिरणारा हा पोरगा आता सहा फुटी झालाय आणि तोंड मात्र उघडत नाही.

दुसऱ्याच रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठले, तर गच्चीच्या जिन्यात लॅपटॉपचा उजेड. मी म्हटलं, हं! प्रकरण दिसतंय. पाय न वाजवता वर गेले. स्क्रीनवर मुलगीबिलगी कुणी नाही. डावीकडे इंग्रजी वाक्यं, उजवीकडे मराठी वाक्यं. मान वर न करता त्याने विचारलं, "ताई, 'कॅन्सल'ले 'रद्द करा' मनू का 'राहू द्या'?"

मी चाट! मास कम्युनिकेशनची डिग्री घेऊन, मराठीत लिहून पोट भरणाऱ्या मला, रात्री दीड वाजता, या प्रश्नाचं उत्तर पटकन देता आलं नाही.

फंडा काय आहे?

हिशेब ठेवायचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. त्याचं नाव सांगायचं नाही, अशी मला तंबी आहे. त्याची मराठी आवृत्ती अर्धवट पडली होती. ती पूर्ण करायच्या कामाला हा पठ्ठ्या सहा महिन्यांपासून लागलाय. पगार शून्य. सर्टिफिकेट शून्य. कॉलेजचे मार्क? तेही शून्य.

ओपन सोर्स म्हणजे नुसतं फुकट नव्हे, बरं का. ज्या सॉफ्टवेअरची आतली लिखावट कुणालाही वाचता येते, बदलता येते आणि बदललेली पुढे वाटताही येते, ते ओपन सोर्स. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्स आहे, तो असाच. फायरफॉक्स असाच. सिनेमा बघताना तुम्ही उघडता तो नारिंगी शंकूवाला व्हीएलसी प्लेअरही असाच. म्हणजे 'मी ओपन सोर्स वापरत नाही' असं म्हणणारा माणूस हिंजवडीत शोधूनही सापडायचा नाही!

आता यात भाषांतर म्हणजे काय मोठं, असं मलाही वाटलं होतं. डिक्शनरी घ्यायची आणि भरत सुटायचं. मग त्याने मला एक वाक्य दाखवलं. इंग्रजीत ते 'अमुक डिलीट केलं' एवढंच होतं. त्यातल्या 'अमुक'च्या जागी टक्क्याचं एक चिन्ह आणि त्याला चिकटलेलं एक अक्षर. सॉफ्टवेअर चालू असताना त्या चिन्हाच्या जागी आपोआप शब्द येऊन बसतो. कधी नोंद, कधी हिशेब, कधी खातं. इंग्रजीला काही फरक पडत नाही. पण मराठीत लोचा! नोंद काढली, हिशेब काढला, खातं काढलं. ती, तो, ते. एकच वाक्य लिहायचं असेल तर कोणतं लिहिणार?

मोबाइलवर 'फाइल हटवले' असलं मराठी वाचून तुम्ही कधीतरी हसलायत ना? दर वेळी तो भाषांतर करणाऱ्याचा आळशीपणा नसतो. पुष्कळदा इंग्रजी वाक्याचा साचाच तसा असतो आणि मराठी त्यात कोंबावी लागते.

भावाने ती कोंबली नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने मूळ प्रोग्रॅमरला तीन वाक्यं लिहून पाठवली. आमच्या भाषेत क्रियापदालाही लिंग असतं, म्हणून एका वाक्याची तीन करून द्या. कुठल्या तरी दुसऱ्या देशात बसलेल्या त्या माणसाने याआधी मराठीचं नाव ऐकलं होतं की नाही, कोण जाणे. पण त्याने वाक्य खरंच तोडून तीन केली. त्याचा फायदा हिंदीवाल्यांनाही झाला, कारण 'हटाया' आणि 'हटाई'ची रड तिथेही आहेच!

कुणीतरी वाचलं!

हे ऐकायला जाम भारी वाटतं. पण सुरुवात अशी नव्हती. त्याने पाठवलेलं पहिलं काम चक्क परत आलं होतं. चाळीस वाक्यं केली होती. नऊ दिवस उत्तर नाही. दहाव्या दिवशी आलेलं उत्तर चार ओळींचं. तिसाव्या वाक्यात टक्क्याचं ते चिन्ह तुझ्याकडून गळलंय. ते गळलं तर आकडा दिसणार नाही, कदाचित प्रोग्रॅमच बंद पडेल. पाठवण्याआधी हे तपासायची सोय आहे, ती अशी वापर. आणि शेवटी, बाकीची एकोणचाळीस छान आहेत, थँक्स.

मी म्हटलं, "वाईट नाही वाटलं?"

तो म्हणाला, "नाही ना ताई. कोणीतरी माहं काम पुरं वाचलं. पहिल्यांदाच."

मी गप्प झाले. कॉलेजात प्रोजेक्टची फाइल जमा केली की कव्हर बघून सही मिळते, हे त्याने सांगायची गरज नव्हती. आमच्याही वेळी तसंच होतं. तीन-चार वर्षं शिकायचं आणि आपण केलेलं एक पानही कुणी शेवटपर्यंत वाचलेलं नसायचं, हा अनुभव किती जणांचा आहे, हात वर करा! पुण्या-मुंबईत निदान एखादा सीनिअर, एखादा कट्टा, एखादी मीटअप सापडते. कुडव्यात त्याच्या कामाला 'इथे चुकलंय' म्हणणारं जवळपास कुणी नाही. ते म्हणणारा माणूस त्याला इंटरनेटवर भेटला.

ओपन सोर्सचं दार सगळ्यांना उघडं असतं, हे आपण नेहमी ऐकतो. पण दार उघडं असणं वेगळं आणि आत गेल्यावर कुणीतरी 'ये, बस, दाखव काय आणलंयस' म्हणणं वेगळं. कुडव्यातला मुलगा टिकला तो या दुसऱ्या गोष्टीमुळे.

होस्टेलपासून हेलसिंकीपर्यंत

तसं या दुनियेत विद्यार्थ्यांचं वजन पहिल्यापासून आहे. लिनस टोरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ रोजी इंटरनेटवरच्या एका ग्रुपमध्ये निरोप टाकला, की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवतोय, पण फक्त हौस म्हणून, काही मोठं नाही. तेव्हा तो हेलसिंकी विद्यापीठात शिकत होता आणि २१ वर्षांचा होता. त्या हौसेचं पुढे लिनक्स झालं. व्हीएलसीची सुरुवात १९९६ मधली, पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांच्या प्रोजेक्टमधून. २००१ मध्ये तो सगळ्या जगासाठी खुला झाला. आणि तो नारिंगी शंकू? तिथल्या मुलांच्या नेटवर्क क्लबकडे रस्त्यावरच्या शंकूंचं कलेक्शन होतं, त्याची आठवण. कॉलेजातले उद्योग सगळीकडे सारखेच!

गूगलने २००५ मध्ये 'समर ऑफ कोड' सुरू केलं. सुट्टीत ओपन सोर्सचं काम करा आणि स्टायपेंड घ्या, अशी ही स्कीम. पहिल्या वर्षी सुमारे ४०० विद्यार्थी होते. पहिल्या दहा वर्षांत सगळ्यात जास्त विद्यार्थी कोणत्या विद्यापीठाचे निवडले गेले, ओळखा पाहू? एमआयटी? स्टॅनफर्ड? आयआयटी? चूक. श्रीलंकेतलं मोरातुवा विद्यापीठ! एका सीनिअरने ज्युनिअरला सांगायचं, ज्युनिअरने पुढच्या बॅचला, अशी साखळी लागली की काय होतं, याचं हे सॉलिड उदाहरण.

टी-शर्टचा मोह

साखळी उलटीही फिरते. दर ऑक्टोबरमध्ये 'हॅक्टोबरफेस्ट' नावाचा उपक्रम असतो. चार सुधारणा पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, असं त्याचं आकर्षण होतं. २०२० मध्ये त्या टी-शर्टपायी नको ते झालं. कुठे एक शब्द वाढव, कुठे 'अमेझिंग प्रोजेक्ट' असं लिहून टाक, आणि पाठव. अशा हजारो फालतू सुधारणांचा पूर आला. 'सोप्यात टी-शर्ट कसा मिळवायचा' हे शिकवणारा व्हिडिओही आपल्याच देशातला होता, हे सांगताना मान खाली जाते. फुकटात हे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांचे दिवस कचरा उपसण्यात गेले. शेवटी ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात आयोजकांना नियम बदलावा लागला, की ज्यांनी स्वतः होकार दिलाय त्याच प्रोजेक्टमधलं काम मोजलं जाईल.

या मुलांना मी शिव्या घालणार नाही. रेझ्युमेवर एक ओळ हवी असते. कॅम्पसला कंपनी येईल की नाही माहीत नसतं. ती भीती गोंदियात पुण्यापेक्षा जास्तच असते. पण आपण पाठवलेली प्रत्येक ओळ कुणीतरी, बहुतेक वेळा ऑफिसातून थकून आल्यावर, वाचणार आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

पोती मोजायची राहिली

आणि वाचताना नजर चुकली तर? त्याचीही गोष्ट आहे. वेबसाइट आणि आपल्यामधली देवाणघेवाण गुप्त ठेवणारं ओपनएसएसएल नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. २०११ च्या अखेरीस जर्मनीत पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थ्याने त्यात एक सुधारणा दिली. तपासणाऱ्याने ती पास केली. मार्च २०१२ मध्ये ती जगभर गेली. तिच्यात एक बारीक चूक होती.

ती मी मामाच्या भाषेत सांगते. गाडीवाला म्हणाला, "शंभर पोती ठेवली होती, परत द्या." मुनीमाने वहीत पाहिलंच नाही आणि शंभर मोजून दिली. खरं तर त्याने ठेवलं होतं एकच पोतं! उरलेली नव्याण्णव आपल्याच गोदामातली गेली. तसंच समोरच्याने सांगितलेला आकडा खरा आहे का, हे सॉफ्टवेअर तपासत नव्हतं आणि सर्व्हरच्या मेमरीतला माल बाहेर जात होता. त्यात पासवर्डही असू शकत होते. ही चूक ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाली. तिचं नाव हार्टब्लीड.

सगळं जग ज्यावर विसंबून होतं, त्या प्रोजेक्टला तेव्हा देणग्या मिळत होत्या वर्षाला साधारण २,००० डॉलर. पूर्णवेळ माणूस एक. चूक विद्यार्थ्याची होती, हे खरंच. पण त्याच्या कामावरून नीट नजर फिरवायला माणसंच नव्हती, हे त्याहून खरं.

मामाचा सवाल

हे सगळं मी जेवताना उत्साहाने सांगत होते. मामाने वरण ओढलं आणि विचारलं, "पैसे किती भेटते?"

"काही नाही, मामा."

"मंग हा फुकट फौजदारी करून राहिला ना!"

मामी हसली. भाऊ ताटात बघत राहिला. मला मामाचं म्हणणं उडवून लावता येईना. मिलमध्ये सीझनला बारा बारा तास बसून त्याने या मुलाची फी भरलीय. ज्या सॉफ्टवेअरवर कंपन्या धंदा करतात, ते आपल्या पोराने फुकट का सुधारायचं? सवाल रास्त आहे. उत्तरं हळूहळू मिळताहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये बेंगळुरूच्या झिरोधाने अशा प्रोजेक्टसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा फंड जाहीर केला. चांगलंच आहे. पण जगभरच्या प्रोजेक्टमध्ये वाटले जाणारे हे पैसे मराठीतल्या एका वाक्यापर्यंत कधी पोचतील?

आणि तरी स्क्रीनवरचं मराठी काही आभाळातून पडलेलं नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, तो तेव्हापासून हौशी माणसांनीच लिहिलाय. २००४ मध्ये रेड हॅटने 'लोहित' फाँट खुले केले, म्हणून लिनक्सवर मराठी सुखाने वाचता आली. 'ॲप' लिहिताना तुम्ही जो 'ॲ' वापरता, त्याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली एप्रिल २००८ मध्ये. पुढच्या वर्षी, ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात तो आपल्या वर्णमालेतही बसला. यातलं काही पगारी माणसांनी केलं, काही बिनपगारी. पण प्रत्येक वेळी 'हे आमच्या भाषेत असं नाही' असं कुणीतरी चिकाटीने सांगत राहिलं.

पुढच्या वर्षी भावाला नोकरी लागेल. लागायलाच हवी! मग तो पुण्याला येईल, रूम घेईल, बारा तास काम करेल आणि हे गच्चीवरचं काम सुटेल. त्याच्याआधी ज्याने ही मराठी अर्धी केली होती, त्याचंही असंच काही झालं असावं. विद्यार्थी येतात, नोकरी लागते, जातात. म्हणूनच नवा मुलगा येतो तेव्हा त्याचं वाचायला दहा दिवस कुणी मोकळं नसतं.

आणि फौजदार पकडला गेला!

निघायच्या आदल्या रात्री भावाने मराठी आवृत्ती लॅपटॉपवर चालू केली. मी सगळी वाक्यं नजरेखालून घातली होती. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते. एकदम टकाटक. मामा सहज मागे येऊन उभा राहिला. चष्मा वर केला. आयुष्यभर कीर्द आणि खतावणी लिहिलेला माणूस, तो पाचव्या सेकंदाला म्हणाला, "हे 'संतुलन' काय हाय? सर्कस हाय का? 'शिल्लक' मन ना!"

'बॅलन्स'ला आम्ही 'संतुलन' केलं होतं. भाऊ ओशाळला. मामाने खुर्ची ओढली. 'डेबिट'ला 'नावे', 'क्रेडिट'ला 'जमा'. मग त्याचं बोट एका वाक्यावर थांबलं.

"खातं काढलं. म्हणजे उघडलं ना?"

"नाही बाबा, डिलीट केलं."

"अबे, बँकेत खातं काढलं म्हणजे उघडलं! आणि हिशेब काढला म्हणजे मांडला! तुही वही तं उलटं बोलून राहिली!"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. लिंगाच्या भानगडीत आम्ही इतके गुंतलो होतो, की अर्थच उलटा झालेला कळला नाही. मराठीत लिहून पोट भरणारी मी, तीन वेळा वाचून पास केलं होतं. खरं सांगा, वर हे वाचताना तुम्हाला तरी खटकलं का?

'काढून टाकलं' असं सगळीकडे दुरुस्त होईपर्यंत रात्रीचे साडेबारा झाले. मामीने दोनदा चहा केला. मामाने अजून एकदा पैशांचं विचारलं नाही. फक्त उठताना म्हणाला, "उद्या 'रोजकीर्द' पाहू."

परतीच्या गाडीत नागपूरच्या आसपास मोबाइलवर भावाचा मेसेज आला. मी दिलेल्या बारा दुरुस्त्यांपैकी तीन परत आल्या होत्या, कारणांसकट. मी तीनही वाचल्या. दोन माझ्या खरंच चुकल्या होत्या. तिसऱ्यावर अजून भांडतेय!

तुम्हालाही करायचंय?

• कोडिंग येत नाही? हरकत नाही. फायरफॉक्सचं भाषांतर मोझिलाच्या 'पाँटून'वर चालतं. दहा वाक्यांपासून सुरुवात करा.

• बोलता येतं? मोझिलाच्याच 'कॉमन व्हॉइस'मध्ये मराठी वाक्यं वाचून आपला आवाज देता येतो. दुसऱ्याने वाचलेलं ऐकून बरोबर की चूक सांगायचं, हेही तिथलं तितकंच महत्त्वाचं काम.

• शिकायचंय? आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरिअल'मध्ये ओपन सोर्स सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही आहेत.

• कॉलेज संपलंय? 'समर ऑफ कोड' २०२२ पासून फक्त विद्यार्थ्यांसाठी राहिलेलं नाही. १८ वर्षं पूर्ण असलेले नवखेही अर्ज करू शकतात.

• आणि नोकरीत सेट झालायत? मग कॉलेजात असताना सोडून दिलेला तो प्रोजेक्ट आठवा. आठवड्यातून एक तास काढा आणि कुठल्या तरी कुडव्यातल्या पोराने पाठवलेलं काम वाचा. पूर्ण. शेवटी 'थँक्स' लिहायला विसरू नका.